निळ्या बाईचा आवाज

परदेशी मालिकेतली ती बाई निळा झगा घालून उडायची, आणि आपल्या भाषेत तिला आवाज द्यायची आजी. लोक खिदळायचे. काय तो झगा, काय ते हवेत सूर मारणं! हसोत बापडे. घाबरलेल्या माणसाला तोंडावर "मी तुला वाचवीन" असं न लाजता सांगणारं हल्ली उरलंय कोण? आजीचा तर त्या बाईवर भारी जीव.

पण नवा दिग्दर्शक आला आणि माशी शिंकली. "ताई, जरा थट्टेत बोला. लोक हसायच्या आत आपणच हसून घ्यायचं. नसेल जमत, तर दुसरा आवाज तयार आहे."

आजीने मनाशी हिशेब केला. या वयात निळी बाई हातची गेली, तर दुसरं काम देणार कोण?

त्या दिवशी शेजारच्या माइकसमोर, स्टुलावर उभी होती तिची नात, ठमी. पोरीचं पहिलंच काम. पडद्यावर पुलावरून लोंबकळणारी बस, आत अडकलेली मुलगी, आणि त्या मुलीचा आवाज ठमीचा.

"मला भीती वाटते!" ठमी जीव तोडून ओरडली.

आजीने निमूट दिग्दर्शकाचं ऐकलं. नाकातल्या नाकात हसत म्हणाली, "मी आलेय ना."

आता ठमीने म्हणायचं होतं, "आता नाही वाटत." पण पोरगी वळून आजीकडे बघायला लागली.

"बोल गं राणी," काचेपलीकडून दिग्दर्शक म्हणाला.

"कसं बोलू? वाटतेय की अजून!" ठमी म्हणाली. "आजी, तू हसलीस. मग मला वाचवणार कोण?"

आजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गेलं काम तर गेलं उडत! "पुन्हा घ्या," ती म्हणाली. पडद्यावर निळ्या बाईने तोंड उघडलं आणि आजी सगळी माया ओतून बोलली, "मी आलेय ना, ठमे!"

"आता नाही वाटत," ठमीने लगेच सांगून टाकलं.

आजीने जीभ चावली. बसमधल्या मुलीचं नाव भलतंच होतं. शिवाय पडद्यावरचे ओठ केव्हाच मिटले होते आणि आवाज आपला चालूच! आता हाकलतात बघ, म्हणून तिने ठमीचा हात घट्ट धरला.

काचेपलीकडे दिग्दर्शक खाकरला आणि रेकॉर्डिंगवाल्याला म्हणाला, "हेच ठेव, आणि बसमधल्या पोरीचं नाव सगळीकडे ठमी करून टाक."