पेढ्याचा कागद

कडूबानं टोपी काढून मांडीवर ठेवली, खिशातून चार घड्यांचा कागद काढला आणि उषाबाईंच्या टेबलावर लसींच्या डब्याशेजारी उलगडला. कागदावर तुपाचे डाग होते. कोपऱ्यात पेढ्याचा कण वाळून चिकटला होता.

"सिस्टरबाई, हे अक्षर तुमचंच हाय न?"

अक्षर त्यांचंच होतं. बावीस वर्षं या उपकेंद्रातल्या सगळ्या नोंदी त्याच अक्षरात झालेल्या. गावात कोणीही ओळखलं असतं. वर लिहिलं होतं, 'थॅलेसेमिया – वाहक'. खाली अकरा नावं. सातवं कडूबाच्या मुलीचं, शिवकन्याचं. वय एकोणीस.

"कुठं मिळाला?"

"राजूरला. चतुर्थीला रामराव गणपतीला गेल्ते. लग्नाची तारीख धरायच्या आधी परसाद घिऊन येतो म्हणले. दुकानदारानं पेढे ह्या कागदात बांधून दिले. घरी पुडी सोडली त् होणाऱ्या सुनंचं नाव." कडूबा जरा थांबला. "मधल्या माणसाजवळ कागद धाडला. सोयरिकीचा नारळबी वापस."

उषाबाईंना सगळा प्रकार लख्ख दिसला. दिवाळीनंतर शहरातल्या एका संस्थेनं गावात रक्त तपासलं होतं, पिढ्यांतून येणारा आजार शोधायला. अहवाल इंग्रजीत आला. तो त्यांनी दोन पानांवर मराठीत उतरवून काढला आणि फायलीसाठी झेरॉक्स काढायला राजूरला नेला. पहिल्या पानाची प्रत वाकडी आली. दुकानदारानं ती रद्दीच्या गठ्ठ्यावर टाकली आणि दुसरी काढून दिली. दोन्ही चांगल्या प्रती पिशवीत घालून त्या निघाल्या. बस पकडायची होती. शेजारीच पेढ्यांचं दुकान होतं.

संस्थेच्या फॉर्मवर शेवटची ओळ होती, 'माहिती गुप्त ठेवली जाईल.' अंगठा घेण्याआधी ती ओळ उषाबाईंनीच प्रत्येकाला वाचून दाखवली होती. संस्थेचं नाव गावात कोणाला घेता येत नव्हतं. लोकांनी हात पुढे केले ते बाई म्हणतात म्हणून.

"कडूबा, चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "पण पोरीला काही झालेलं नाही. ती धडधाकट आहे. नवऱ्याच्या रक्तातही हेच असलं तरच लेकराला धोका. पोराचं रक्त एकदा तपासलं की झालं."

"मला सांगून काय फायदा? त्याहीला सांगा."

दुपारच्या बसनं त्या पिंपळगाव रेणुकाईला, रामरावांच्या घरी गेल्या. पाय सुजले होते. अलीकडे ते दुपारपासूनच सुजत. रामरावांनी ओसरीवर सतरंजी टाकली, पाणी दिलं. त्यांची थोरली मुलगी नंदा उषाबाईंच्याच गावात दिलेली; ही सोयरीकही तिच्याच सासरच्यांनी सुचवली होती.

उषाबाईंनी कागदावर दोन गोल काढून सगळं समजावलं. रामरावांनी मधे तोंड घातलं नाही.

"म्हंजे पोरगी बराबर हाय म्हणता."

"अगदी बरोबर. फक्त मुलाचं रक्त…"

"आमच्या पोराचं रक्त तुमी घेणार," रामराव सावकाश म्हणाले, "आन् मंग त्याचाबी कागद पेढ्याला जाणार."

उषाबाईंनी दोन गोलांचा कागद पिशवीत सरकवला.

"राग नका मानू, बाई. नंदाचं बाळंतपण तुमच्याच हातचं. तुमच्याकडं बोट दाखवून राह्यलो न्हाई. पण आमच्या घराण्यात असलं काई न्हाई. सात पिढ्यांत न्हाई. घरात जाणूनबुजून कशाला आणावं?"

उषाबाईंनी भिंतीकडं पाहिलं. तिथं नंदाच्या लग्नाचा फोटो होता. यादीच्या दुसऱ्या पानावर, तिसऱ्या ओळीत, नंदाचं नाव होतं. नवऱ्याच्या नावासकट लिहिलेलं. ते पान वाकडं आलं नव्हतं. निकाल सांगितला त्या दिवशी नंदा दारापर्यंत जाऊन परत आली होती. "सिस्टरबाई, माहेरी कळू देऊ नका. आन् सासरी त् बिलकुल न्हाई." नवऱ्याचं रक्त साफ निघालं होतं, बाळाला धोका नव्हता. मग कोणाला कळायचं कारणही नव्हतं.

एक वाक्य बोललं असतं तर रामरावांच्या सात पिढ्या ओसरीवरच थांबल्या असत्या. कदाचित मोडलेली सोयरीकही पुन्हा जुळली असती. ते वाक्य तोंडापर्यंत आलं. उषाबाई तांब्या उचलून दोन घोट पाणी प्यायल्या.

"येते मी," त्या म्हणाल्या.

"चहा ठिवलाय."

"बस जाईल."

दुसऱ्या दिवशी लसीकरणाचा वार. एरवी दहाच्या आधी ओटा भरायचा. त्या दिवशी तिघीच आल्या, आणि लेकरांना टोचून घेऊन न बोलता गेल्या. साडेअकराला शिवकन्या आली. बाकावर न बसता टेबलाजवळ उभी राहिली.

"काय म्हणले ते?"

"नाही म्हणाले."

"मला वाटलंच व्हतं." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं. "आमच्या घराण्यात असलं न्हाई म्हणले असतील."

"हो."

"नंदावहिनी त्याहीच्याच घरातली. माझ्या पाठीमागंच उभी व्हती रक्त द्यायला. तिचं काय निघालं?"

उषाबाईंनी सुयांचा डबा बंद केला. "ते मी नाही सांगायची. तिचं तिला विचार."

शिवकन्यानं ओढणीचं टोक सोडलं. आवाज चढवला नाही.

"मंग माझं कोणाला विचारायचं व्हतं, सिस्टरबाई?"

शिवकन्यानं हात पुढं केला.

"तो कागद कुठंय?"

उषाबाईंनी खणातून काढून दिला. शिवकन्यानं टेबलावरची कात्री उचलली. वाचता येत होतं तिला. सातवं नाव शोधायला वेळ लागला नाही. ओळीच्या वरून एकदा, खालून एकदा, जपून कापलं. सहाव्या आणि आठव्या नावाला धक्का लागू दिला नाही. पट्टी मुठीत धरून बाकीचे दोन तुकडे तिनं टेबलावर ठेवले.

"हे दहा जण तुमच्याजवळ असू द्या. नीट ठिवा."

ती पायऱ्या उतरून गेली. उषाबाईंनी दोन्ही तुकड्यांची घडी घातली, कपाटात ठेवून कुलूप लावलं. कुलूप एकदा ओढून पाहिलं, मग पुन्हा ओढून पाहिलं. मग ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या. बर्फ वितळत आलेला होता आणि डब्यात लसी तशाच पडून होत्या.