शहाण्या माणसाची उत्तरं

आणीबाणी उठली त्या उन्हाळ्यात भिवाजीनं आपल्या थोरल्या भावाला कोयत्यानं मारलं. पेरणीआधी शेत भाजायच्या राबासाठी फांद्या तोडायला दोघं रानात गेले होते, तिथंच. त्याआधी आठवडाभर तो घरात सांगत होता की हा साहेबराव नव्हे, दादाचं तोंड लावून दुसरंच कुणीतरी आलंय. घरच्यांनी आधी हसण्यावारी नेलं, मग अंगारा लावला. त्याच्या बायकोला, चांगुणाला, तेव्हा सातवा महिना होता.

विचारलेलं त्याला काही कळेना, म्हणून कोर्टानं त्याला पुण्याला वेड्यांच्या इस्पितळात धाडलं. शुद्धीवर आला की खटला चालवू, म्हणाले.

दोन्ही लेक गोजराबाईचे, एक मेलेला आणि एक मारणारा. ती रडायची एकासाठी आणि बोलायची दुसऱ्यावर. चांगुणा भेटीला जाण्यासाठी भाकरी बांधायला बसली की म्हातारी उंबऱ्यातून सुरू व्हायची.

"सरकार त्याला दूध पाजतंय, अंडं चारतंय. माझ्या साहेबाच्या सरणाला एक लाकूड तरी दिलं का सरकारनं?"

चांगुणा भाकरीची गाठ आवळून निघायची. एसटीतही तेच. पिरंगुटला चढलेला एक जण शेजारच्याला सांगत होता की गावात दवाखाना नाही आणि खुनी माणसांना गाद्यागिरद्या, आपल्याच पैशानं. चांगुणानं पदर ओढून घेतला. पदराआड शालन दूध पीत होती, पिता पिता आईच्या मण्यांशी खेळत होती.

पहिलं वर्ष भिवाजीनं पोरीकडे बघितलंच नाही. मग गोळ्या लागू पडल्या. एका भेटीत त्यानं शालनचा पाय हातात घेतला, बोटं एकेक करून चाचपली.

"हिची नखं कोन कापतं?" त्यानं विचारलं.

"मीच. दातानं."

तो हसला. घरातून नेल्यापासून पहिल्यांदा.

डॉक्टरीणबाई भल्या होत्या. त्यांनी चांगुणाला बाजूला घेऊन समजावलं की ही गोळी मिठासारखी आहे, रोज लागणार, एक दिवसही चुकवायची नाही, आणि इथं ती सरकार देतं. तो नीट उत्तरं द्यायला लागला की आपण कोर्टाला कळवू. चांगुणाला त्यातलं एवढंच ऐकू आलं, की नीट उत्तरं दिली की सुटका. शालनला बोलता येईल तेव्हा बाबा म्हणायला घरात बाबा असावा, याहून तिला जास्त काही नको होतं.

मग तिनं दोघांची शिकवणी एकदमच धरली. इस्पितळाच्या बाकावर बसून ती शालनला विचारायची, नाक कुठंय, कान कुठंय. पोर बोट लावायची, कधी नाकाच्या जागी डोळ्यात घालायची. मग नवऱ्याची पाळी. नाव काय, गाव कंचं, नदी कंची, आज वार कोणता. चुकला तर पुन्हा. बरोबर आलं तर भाकरीचा तुकडा दोघांनाही सारखाच. शेवटचं उत्तर तिनं स्वतःच्या मनानं बसवलं होतं.

"कुनीबी कायबी इचारलं, तर म्हनायचं, व्हय सायेब, मला सगळं समजतंय. शहान्या मान्सागत."

"व्हय सायेब," तो म्हणायचा, "मला सगळं समजतंय."

पावसाळा सरला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी कागद लिहिला. भिवाजी बरा झाला.

सरकारनं दिलेल्या वकिलानं कोर्टात उभं राहण्याआधी त्याला बजावलं होतं की त्या दिवसाचं विचारलं तर काही आठवत नाही म्हण. डॉक्टरांना साक्षीला बोलवायची गरज वकिलाला वाटली नाही. चांगुणा मागच्या बाकावर होती, शालन मांडीवर झोपलेली.

न्यायाधीशांनी मऊ आवाजात विचारलं, "त्या दिवशी आपण काय करतोय, हे तुला समजत होतं का?"

भिवाजीनं मागं वळून बायकोकडे बघितलं. पाठ सरळ केली.

"व्हय सायेब. मला सगळं समजतंय."

त्यांनी पुन्हा विचारलं. त्यानं पुन्हा तेच सांगितलं, आधीपेक्षा स्पष्ट. वकील उठला, काहीतरी पुटपुटला आणि बसला. भिवाजी चांगुणाकडे बघून हसत होता, एकही शब्द चुकला नव्हता.

जन्मठेप झाली.

गोजराबाई ऐकून म्हणाली, फुकटचं दूध तरी बंद झालं. त्या दिवशी तिनं चूल पेटवली नाही. कुठल्या लेकासाठी, ते कुणी विचारलं नाही.

तुरुंगात पहिल्या भेटीला चांगुणानं गोळीचं विचारलं. टेबलामागचा साहेब चिडला नाही, उलट समजावून सांगत होता. कोर्टानं माणूस शहाणा ठरवलाय. शहाण्याला वेड्याची गोळी दिली तर त्याचं उत्तर वर कुणी द्यायचं? इस्पितळाचा खर्च इस्पितळाकडे, तुरुंगाचा तुरुंगाकडे. इथं वेडा कुणी नाही, तर गोळी कशाच्या नावावर आणणार? तिनं डॉक्टरीणबाईंचं नाव घेतलं. तो म्हणाला, बाई, तुझा माणूस बरा आहे, देवाचे आभार मान.

पुढच्या भेटीपर्यंत शिमगा होऊन गेला होता. जाळीपलीकडे भिवाजी आला तो वाळलेला, दाढी वाढलेली. चांगुणानं शालनला उचलून जाळीला लावलं. बाबा म्हण, म्हणाली. पोर म्हणाली.

भिवाजी बायकोच्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिला. मग जाळीशी वाकून हळूच म्हणाला, "चांगुणाचं तोंड कुटनं आनलंस?"

तिनं शालनला जाळीपासून मागं ओढून कडेवर घेतलं. काय करावं ते सुचेना, म्हणून जे येत होतं तेच तिनं केलं.

"नाव सांगा," ती म्हणाली.

"भिवाजी."

"गाव?"

त्यानं गाव सांगितलं. नदी सांगितली. वारही बरोबर सांगितला. डोळे तिच्या तोंडावरून हलले नाहीत, हाताची बोटं जाळीतून अलीकडे यायला बघत होती. आईच्या कडेवर शालननं सवयीनं आपल्या नाकावर बोट ठेवलं आणि ती भाकरीची वाट बघू लागली.

"मला सगळं समजतंय," भिवाजी म्हणाला.

दारातला शिपाई कौतुकानं हसला. "बगा की वैनी," तो म्हणाला, "ठनठनीत हाय."