खांबराई

पांढरट दगडाचा तो बोटभर स्तंभ, टोकाला निमुळता... कागद उडू नयेत म्हणून शेवडे सरांनी तो टेबलावर ठेवला होता, आणि कागद वाचायचे सोडून ते त्याच्याकडेच बघत होते. कनीज मुकादमने, इतिहास विभागातल्या त्यांच्या धाकट्या सहकारी बाईंनी, तो इजिप्तहून आणलेला. नवरा कुवेतला, तिकडून दोघं फिरून आली आणि येताना सरांना ही भेट. भेट कसली, टोचणीच. उभा जन्म रत्नागिरीत बसून आपण इजिप्तची देवळं फळ्यावर काढली, पुण्यापलीकडे काही पाहिलं नाही, आणि ही त्या खांबांना हात लावून आली.

तेवढ्यावर भागलं असतं. पण मुंबईच्या परिभाषा मंडळाने प्राचीन इजिप्शियन वास्तूंसाठी मराठी शब्द ठरवायला घेतले, दोघांनाही विचारलं, आणि घोडं अडलं ते देवळातल्या त्या खांबांनी खच्चून भरलेल्या दालनापाशी. सरांचा शब्द बहुस्तंभी सभामंडप. तिचा — खांबराई.

राई! गावदेवाची राई, ती देवाच्या नावाने राखलेली दाट झाडी, तर सरांच्या गावची... आप्पांचं, वडिलांचं, बोट धरून कडेकडेने जायचं, आत पाय टाकायचा नाही, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. हा शब्द आमचा, आमच्या... आणि त्या 'आमच्या'पाशी ते स्वतःच ओशाळले, कारण तिचं माहेर त्यांच्या गावासमोर, खाडीपलीकडेच, तीच राई बघत वाढलेली ती. मग मला का नाही सुचला? काखेत कळसा नि गावाला वळसा. जळफळाट होत होता हे खरं. तो कुणावर, हे त्यांना नीट बघायचं नव्हतं.

दोघांनी मिळून एकच शब्द द्यायचा होता, आणि दुपारी सरांनी एसटीडी बूथवरून तो मंडळाला फोनने कळवायचा होता. तासाला निघताना तिने व्हरांड्यात गाठलं.

"सर, तुमचाच शब्द कळवा. मी माझा मागे घेत्ये."

"का?"

"तुम्ही इतकी वर्षं शिकवताय. मी काय, एकदा बघून आले."

एकदा बघून आले... किती सहज म्हणाली.

वर्गात त्यांनी खडूने खांब काढायला घेतले. एक, त्यामागे दुसरा, त्याच्याही मागे... नेहमी इथे ते सभामंडप म्हणत आणि मुलं लिहून घेत. पण सभा कुणाची? सामान्य माणसाला तिथं मज्जाव होता, हे तर तेच दरवर्षी सांगत आले होते. खांब दाटत गेले, वरून कुठून तरी थोडा उजेड झिरपला, आप्पांचं बोट मुठीत आलं — आणि ते दालन त्यांना पहिल्यांदा दिसलं.

मुलं पेनं धरून नावासाठी थांबली होती. मंडळाकडे सभामंडपच जाणार होता, आपण जिंकलो होतो... फक्त फळ्यावर जे उभं राहिलं होतं त्याचं नाव आता तिच्याकडे मागायला हवं होतं, आणि मागणं त्यांना कधी जमलेलं नव्हतं.