कोरा नमुना

"भुकेच्या वेळीसुद्धा न रडणारं मूल मला काही बरं वाटत नाही," असं सासूबाई निघताना म्हणाल्या, तेव्हा तिने हसत त्यांच्या पिशवीची चेन लावून दिली होती.

"आई, रडला तरी तुम्हाला काळजी, नाही रडला तरी काळजी. शहाणं बाळ आहे ते. आईला अभ्यास असतो हे कळतं त्याला."

सुनेच्या संसारात नाक खुपसायचं नाही, हे सासूबाईंनी मुलाच्या लग्नातच ठरवलं होतं. आणि एरवी पदोपदी मोडलेला तो निश्चय त्यांनी नेमका त्या दिवशी पाळला.

खरं तर काळजी करण्यात सुनेचा हात कुणी धरू शकलं नसतं. गुंड्या झोपला की ती त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास बघायची. खेळणं त्याच्या तोंडात जाण्याआधी उकळून घ्यायची. "एक दिवस तू त्यालाच पातेल्यात घालशील," असं नवरा म्हणायचा. तो दूरच्या कारखान्यात होता, सुट्टीपुरता घरी यायचा. त्यामुळे कॉलेजच्या वेळात गुंड्याला ठेवायचं कुठे, हा प्रश्न तिच्या एकटीच्या गळ्यात होता.

तिने सतरा घरं पालथी घातली आणि शेवटी मागच्या गल्लीतल्या मावशी तिच्या मनात भरल्या. लख्ख खोली, जमिनीवर अंथरलेली पांढरीशुभ्र चादर, बाटल्या धुवायला वेगळा ब्रश. आवाज कधी चढलेला नाही. "माझ्याकडे पोरं रडत नाहीत," मावशी म्हणायच्या, आणि ते खरं होतं.

एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी संशोधन शिष्यवृत्ती निघाली, तेव्हा गाइड मॅडमनी तिला बोलावून घेतलं. "ह्या वर्षी कर. पुढच्या वर्षी वयाच्या अटीत बसणार नाहीस. आणि शिष्यवृत्ती नाही मिळाली तर तू काय करणार, मला माहीत आहे. घरी बसणार."

तेही खरंच होतं. घरात तसं ठरलंच होतं.

विषयही मॅडमनीच सुचवला. मोठ्यांसाठी असलेलं सर्दीचं औषध काही लोक तान्ह्या मुलांना देतात. मूल गुंगतं, सांभाळणाऱ्याची सुटका होते. दवाखान्यात आलेल्या सुस्त बाळाच्या लघवीत असं औषध आहे का, हे स्वस्तात आणि चटकन ओळखता येईल का? साध्या काचेच्या पट्टीवर?

तिने मावशींना विषय सांगितला, तेव्हा त्यांनी गालावर हात ठेवला. "काय एकेक लोक असतात गं! पोटच्या पोराला?"

"पोटच्या नव्हे हो मावशी. दुसऱ्यांच्या."

"तेच ते," म्हणत मावशींनी गुंड्याला तिच्याकडून घेतलं. "जा तू. उशीर होईल."

अर्जासोबत प्राथमिक प्रयोगाचा फोटो जोडायचा होता. भुकटीचा पातळ थर दिलेल्या त्या पट्टीवर बारीक नळीने तीन ठिपके लावायचे: एक शुद्ध औषधाचा, दुसरा औषध मुद्दाम मिसळलेल्या लघवीचा आणि तिसरा स्वच्छ लघवीचा. हा तिसरा म्हणजे कोरा नमुना. मग पट्टीची कड द्रवात बुडवायची. द्रव वर चढतो, औषधाला सोबत नेतो, आणि जांभळ्या दिव्याखाली ठरल्या उंचीवर काळा डाग दिसतो. कोऱ्या नमुन्याच्या रांगेत तिथे काही दिसता कामा नये. ती रांग रिकामी नसेल, तर बाकीच्या दोन्हींवर विश्वास कुणी ठेवायचा?

परक्यांच्या बाळांचे नमुने घ्यायला समितीची परवानगी लागते आणि समितीला वेळ लागतो. "कोरा नमुना तुझ्या घरातच रांगतोय की," मॅडम म्हणाल्या. तिने सकाळी गुंड्याचा नमुना घेतला, उकळलेल्या बाटलीत भरला आणि प्रयोगशाळेत आणला.

दिव्याखाली तिन्ही रांगांत डाग दिसले. एकाच उंचीवर.

शेजारच्या टेबलावर पोपट काम करायचा. दिवसभर बडबडायचा, म्हणून अख्खा वर्ग त्याला पोपट म्हणायचा. तो मान लांब करून म्हणाला, "वा! कोऱ्यालाही सर्दी झालेली दिसते."

"गप रे. नळी नीट धुतली गेली नसेल."

तिने नळ्या पुन्हा धुतल्या. द्रव बदलला, नवी पट्टी घेतली. डाग पुन्हा तिथेच. दुसऱ्या दिवशी गुंड्याचा नवा नमुना आणला, औषधाची बाटली टेबलावरून पार दुसऱ्या कपाटात हलवली. डाग होताच, आणि आता जरा जास्तच गडद होता. तिने चिडून हातमोजे बदलले. आपल्या हातांवर तिचा विश्वास राहिला नव्हता, तराजूवर राहिला नव्हता, काचेवरही राहिला नव्हता. गुंड्यावर शंका घ्यायचं मात्र मनातही आलं नाही. तो कोरा होता. कोरा म्हणूनच तर आणला होता.

अर्जाच्या शेवटच्या दिवशी मॅडम फोनवर करवादल्या. "अगं, पाच वाजता संकेतस्थळ बंद होतं! दुसऱ्या कुणाचा नमुना घे, फोटो काढ आणि पाठव. काचेत घाण कुठून येते ते सावकाश शोध मग."

"मी देतो," पोपट म्हणाला. "विज्ञानासाठी एवढं तर करू शकतो मी."

"बाटली धरून नाचू नकोस. आण लवकर."

त्याच नळ्या, तोच द्रव, त्याच डब्यातली पट्टी. उत्सुकता म्हणून पोपटाने शेजारी गुंड्याच्या नमुन्याचाही ठिपका लावला. द्रव वर चढला. तिने दिवा लावला.

पोपटाची रांग स्वच्छ होती.

"झालं की!" पोपट ओरडला. "काच स्वच्छ, नळी स्वच्छ, मी तर धुतल्या तांदळासारखा. काढ फोटो."

ती हलली नाही. काच स्वच्छ होती. नळी स्वच्छ होती. आणि पोपटाच्या रांगेशेजारी गुंड्याच्या रांगेत काळा डाग होता, ठरल्या उंचीवर, बोट लावून दाखवावा इतका ठळक.

"अगं, फोटो..."

तिने फोटो काढला आणि तशीच जिना उतरली. अंगावर पांढरा कोट होता. वरून पोपट विचारत होता, अर्ज मी पाठवू का, पासवर्ड काय आहे? ते तिच्या कानांपर्यंत पोचलंच नाही.

मावशींनी दार अर्धंच उघडलं. "आज लवकर? आत्ताच निजलाय. झोपमोड नको करू."

ती त्यांना ढकलून आत शिरली. खिडकीचे पडदे ओढलेले होते. पांढऱ्या चादरीवर दोन मुलं होती. एक गुंड्या, दुसरी एक मुलगी, त्याच्याहून थोडी मोठी, कुरळ्या केसांची. तिने गुंड्याला हाक मारली. गाल थोपटला. तळपायाला चिमटा काढला. त्याची मान तिच्या हातावरून ओल्या कपड्यासारखी लोंबली.

"काय दिलंत?"

"काही नाही गं. सर्दीचं, थेंबभर. दात येतायत ना त्याला."

"काय दिलंत, मावशी?"

"ओरडतेस काय?" मावशींचा आवाज अजूनही चढला नव्हता. "तुझाच अर्ज पुरा व्हावा म्हणून. परवा तूच म्हणालीस ना, ह्या आठवड्यात जरा जास्त वेळ ठेवा? जास्त वेळ निजायचं तर जास्त लागतं."

तिने गुंड्याला उचललं आणि धावत सुटली.

दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, औषध कुठलं? अशा वेळी आईबापांना ते माहीत नसतं. तिला माहीत होतं. तिने फोनमधला फोटो पुढे केला. गुंड्याच्या नाकाला नळी लागली, छातीवर तारा चिकटल्या. ती पडद्यावरची हिरवी रेघ बघत बसली. दोन श्वासांमधलं अंतर वाढलं की तिचाही श्वास थांबायचा. बाहेर कधीतरी पाच वाजले. संकेतस्थळ बंद झालं, ह्या वर्षापुरतं सगळ्यांसाठी आणि तिच्यासाठी कायमचं. तिने घड्याळाकडे पाहिलंही नाही.

उजाडताना गुंड्या रडला. आधी घोगरा, मग चांगला टाहो फोडून. नर्स म्हणाली, "रडू दे, रडू दे, पोट भरून रडू दे."

त्याला छातीशी धरून डोलवताना तिला ती चादर आठवली, आणि चादरीवरची ती कुरळ्या केसांची मुलगी. तिने आपलं मूल उचललं होतं आणि त्या मुलीला ओलांडून ती बाहेर पडली होती. तिला साधी हाकही मारली नव्हती.

दवाखान्यातूनच तिने पोलिसांना फोन केला. ते गेले तेव्हा मावशींच्या खोलीला कुलूप होतं. कुलूप तोडून पाहिलं, तर आत भांडी नव्हती, चादर नव्हती. त्या कुठे गेल्या, शेजाऱ्यांना ठाऊक नव्हतं. त्या मुलीची आई कोण, हेही कुणी सांगू शकलं नाही. ती बाई पहाटे अंधारात मुलीला सोडून जायची आणि अंधार पडल्यावर न्यायची. कामाला जाणाऱ्या बाईला दुसऱ्या दिवशीही मूल कुठेतरी ठेवावंच लागतं, आणि मावशींचा जुना फोन नंबर बंद लागत असला, तरी नवा तिच्याकडे असणारच.

गुंड्याची आई आता रोज एकेक गल्ली धरून विचारत फिरते. पण तिचे पाय किती गल्ल्यांना पुरणार? म्हणून हे तुमच्यासाठी. तुमच्या इमारतीत अलीकडे कुणी मुलं सांभाळणारी बाई राहायला आली असेल, गोड बोलणारी, घर लख्ख ठेवणारी, तर काहीतरी निमित्त काढून तिच्याकडे जा. आत कुरळ्या केसांची मुलगी निजलेली असेल. झोपमोड नको, असं तुम्हाला सांगितलं जाईल. वाईटपणा येईल, तो घ्या. तिला हाक मारा, उचला, आणि ती डोळे उघडते का ते बघा.