तपासणीच्या खोलीतलं टेबल

मित्रांनो, मी एक जुनं टेबल आहे. सागवानी वगैरे नाही, साध्याच लाकडाचं. पण ताठ कण्याचं. सुताराने मला शाळेत आणून ठेवलं तेव्हा माझी काय ऐट होती! मुख्याध्यापिका बाई माझ्यावर पाण्याचा पेलासुद्धा ठेवू देत नसत. पुढे नवी टेबलं आली आणि माझी रवानगी जिन्याखालच्या खोलीत झाली. अभ्यासात मागे पडणाऱ्या मुलांची तपासणी तिथे होते; कोणाला शिकवायला वेगळी शिक्षिका द्यायची, ते त्यावरून ठरतं. घाबरलेल्या मुलांचे घामेजलेले तळहात मी चांगले ओळखतं.

एकदा चौथीतली एक मुलगी आली. सगळे तिला भिंगरी म्हणत. बोलायला लागली की थांबायची नाही, पण पुस्तक उघडलं की तिच्या पोटात दुखायचं. तपासणीच्या मॅडमनी तिला प्रेमाने एकेक प्रश्न वाचून दाखवला. पोरीने धडाधड उत्तरं दिली. झालं! मुलगी हुशार आहे पण आळशी आहे, वेगळ्या शिक्षिकेची गरज नाही, असा निकाल लागला. अहो, पण तिला वाचायला कुठे दिलंत? मी मनातल्या मनात ओरडलं. टेबलाचं ऐकतो कोण!

भिंगरीची आई दवाखान्यात काम करायची. ती गप्प बसणारी नव्हती. तिने शाळेबाहेरच्या तज्ज्ञ बाईंकडून मुलीची पुन्हा तपासणी करून घेतली आणि निकालावर बोलायला माझ्याभोवती बैठक भरली, तेव्हा त्यांना घेऊनच आली. मुख्याध्यापिका बाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या. आमच्या मॅडमवर विश्वास नाही का, असं त्यांनी विचारलं.

"आमच्याकडे पेशंट दुसऱ्या डॉक्टरांचं मत घेतात. पहिले डॉक्टर रुसून बसत नाहीत," आई म्हणाली. "पोरगी माझी आहे. मी विचारणारच."

तज्ज्ञ बाईंनी शांतपणे सांगितलं की, भिंगरीला ऐकलेलं सगळं समजतं, पण स्वतः वाचायला दिलं की अक्षरं जुळवतानाच ती थकून जाते. मग त्यांनी मॅडमना विचारलं, तुमच्या तपासणीत प्रश्न कोणी वाचले?

मॅडमची मान खाली गेली. "मीच," त्या म्हणाल्या. "मुलं घाबरतात, म्हणून मी सगळ्यांनाच वाचून दाखवते."

"मग आळशी ठरवलेली बाकीची मुलंही पुन्हा तपासा," आई म्हणाली आणि होकार मिळेपर्यंत खुर्चीवरून उठली नाही.

आता भिंगरी वेगळ्या शिक्षिकेबरोबर रोज माझ्यापाशी बसते. अडखळत वाचते, वैतागली की मला लाथ मारते. मार बाई, खुशाल मार, पण पुढची ओळ वाच! बाकीची मुलंही एकेक करून येतात. या वेळी प्रश्न त्यांच्या हातात असतात.

मित्रांनो, परवा मला भंगारात काढायची गोष्ट निघाली होती. काढा की! मला पॉलिश नको आणि कोणाची दयाही नको. पण मी इथे उभं आहे तोवर, एकाच तपासणीवरून एखाद्या मुलावर आळशीपणाचा शिक्का मारायचा असेल, तर खुशाल दुसरं टेबल शोधा.