थोरल्यांच्या जागी

मित्रांनो, मी संगणकाची एक जुनी आज्ञा आहे. मला चित्र नाही, रंग नाही. काळ्या पडद्यावर माझी एक ओळ लिहिली की मी कामाला लागते. माझं नाव सेड. फायलींमधला एक शब्द शोधायचा आणि त्याच्या जागी दुसरा ठेवायचा, एवढाच माझा संसार. माझी बहीण ग्रेप नुसती शोधून दाखवते, कशाला हात लावत नाही. लोक तिला शहाणी म्हणतात, आणि त्यात खोटं काही नाही.

माझा जन्म झाला तेव्हा संगणकांना माऊस नसत. केवढा मान होता मला! चहा निवायच्या आत मी ढीगभर पानं बदलून द्यायची आणि पाहणारे तोंडात बोट घालायचे. मग पडद्यावर चित्रं आली, बटणं आली, आणि घर फिरलं की घराचे वासेही फिरतात. आता मला ओळखणारे थोडेच उरले. त्यांतला एक डोंगरातल्या नारिन गावातला तिलेक. तो लोकांचे संगणक दुरुस्त करतो आणि अजून मला हाक मारतो.

तिलेकचे वडील कुरणांवरच्या गोष्टी फार सुंदर सांगायचे. त्यांची सून, म्हणजे तिलेकची बायको मेरिम, त्या ऐकत ऐकत संगणकावर उतरवून घ्यायची. गोष्टी बहुतेक त्यांच्या दोन थोरल्या भावांच्या. पण त्या घराची रीत अशी, की सुनेनं सासरच्या वडीलधाऱ्या पुरुषांचं नाव घ्यायचं नाही. मेरिम तर लिहायचीही नाही. म्हणून सासऱ्यांनी कुठल्याही भावाचं नाव घेतलं, तरी ती 'थोरले' असंच लिहायची. कोणते थोरले, हे तिला पक्कं ठाऊक असायचं.

सासरे वारले. त्यांच्या वर्षाच्या जेवणाला पाहुण्यांना द्यायला त्या गोष्टींचं पुस्तक करायचं ठरलं. खर्च करणार होता राजधानी बिश्केकला राहणारा तिलेकचा चुलतभाऊ, म्हणजे थोरल्या भावांपैकी कासिमाली यांचा मुलगा. छपाईच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला.

"अरे, फायली वाचल्या. सगळीकडे थोरले, थोरले! माझ्या बापाचं नाव कुठंय?"

"मेरिम सून ना, ती कुठली घेतेय नाव! थांब, आत्ता घालतो," तिलेक म्हणाला.

मेरिम स्वयंपाकघरात कणकेचे बोरसोक तळत होती. तिला विचारायचं त्याला सुचलं नाही. त्यानं मला सांगितलं, सगळ्या फायलींत 'थोरले' काढ, 'कासिमाली' घाल. मी डोळ्याचं पातं लवायच्या आत काम उरकलं. मला फार दिवसांनी एवढं मोठं काम मिळालं होतं, खरं सांगते, मी खूश होते.

मेरिम हात पुसत आली आणि वाचू लागली.

"अहो, हे काय केलंत! या पानावर खिंडीतल्या बर्फात गेलेला माणूस पुढच्या पानावर मुलाच्या लग्नात घोडा उडवतोय!"

"म्हणजे?"

"थोरले दोन होते ना! खिंडीत गेले ते दुसरे."

तिलेकचा चेहरा उतरला. ते दुसरे काका त्याच्या जन्माआधीच गेले होते. बाहेर अडकलेला दुसऱ्याचा कळप आणायला गेले आणि परत आलेच नाहीत. लग्न नाही, मूलबाळ नाही, कबरही नाही. घरात त्यांना सगळे 'खिंडीतले' म्हणत.

"राहू दे गं आता," तो कंटाळून म्हणाला. "सकाळी छापायला द्यायचंय. त्यांच्यामागे रडायला तरी कोण आहे?"

"मी आहे," कोपऱ्यातून आवाज आला. तिलेकची आई, अनारकुल, लोकर पिंजत बसली होती. "वीस माणसं जेवायची या घरात, पण नव्या सुनेनं खाल्लं का, हे विचारणारा तो एकच दीर होता. बस, आणि नीट कर."

मग ग्रेपला बोलावलं. तिनं 'कासिमाली' असलेली एकेक ओळ पुढे ठेवली, तिलेक वाचत गेला आणि मेरिम सांगत गेली, "हे तेच... हे खिंडीतले... हेही खिंडीतले." कळपामागे बर्फात गेले ते तेच, नदीतून मुलगी काढली ती त्यांनी. मी ते सगळं एका फटक्यात दुसऱ्याच्या नावावर केलं होतं, आणि मला त्याची गंधवार्ता नव्हती.

"बरं, आता या ओळींत काय नाव घालू?" तिलेकनं विचारलं.

सून रीतीनं बांधलेली, आणि सासूही तिच्या काळी याच घरची सून. गोष्टी ऐकायला तिलेक कधी बसला नव्हता; ते नाव त्या घरात आता फक्त त्या दोघींना ठाऊक होतं. शेवटी मेरिमनं बोटं कळांवर ठेवली.

"थांब पोरी," अनारकुल म्हणाली. "रीत मोडायचीच तर आधी मी मोडते. दोष लागायचा तो म्हातारीला लागू दे."

तिनं डोक्यावरचा रुमाल नीट केला.

मित्रांनो, मी फार आज्ञाधारक आहे, आणि तोच माझा दोष आहे. मी कुणाला ठेवते आणि कुणाला पुसते, हे मला कधीच कळत नाही. म्हणून मला हाक मारण्याआधी एकेक ओळ डोळ्यांखालून घाला, आणि ज्यांना माहीत आहे त्यांना विचारा. ती माणसं अनेकदा शेजारच्या खोलीतच असतात.

"दोरोनबेक," अनारकुल मोठ्यानं म्हणाली. आणि मग, त्या घरात आल्यापासून कधी मिळाली नव्हती ती मुभा मिळाल्यासारखी, पुन्हा म्हणाली, "दोरोनबेक. लिही."