निळा कंटेनर आणि काळी लोकर

मी एक जुना कंटेनर आहे. वीस फूट लांब, पत्र्याचा, एके काळी निळाशार. पाचोडहून पैठणला जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला, मेंढपाळ मुंजाबांच्या घराशेजारी मी उभा आहे. मित्रांनो, तुम्ही म्हणाल, पत्र्याच्या खोक्याला कसलं आलंय आयुष्य? पण मी इतका समुद्र पाहिला आहे, की अजूनही ऊन चढून पत्रा वाजू लागला की मला बोटीवर असल्यासारखं वाटतं. समोरची बाजरी वाऱ्याने हलते आणि मीही मनातल्या मनात डुलू लागतो.

माझा जन्म दूरच्या एका देशात, बंदराजवळच्या कारखान्यात झाला. नागमोडी पत्रे जोडले, खाली लाकडी फळ्या ठोकल्या, निळा रंग दिला आणि दारावर पांढरा आकडा लिहिला. नाव कोणी दिलं नाही.

बोटीवर माझ्यासारखे हजारो होते, एकमेकांच्या खांद्यावर उभे. आम्ही झोपल्यासारखे असायचो आणि पाणी आम्हाला नेत राहायचं. पोटात काय भरलं आहे हे मला वासावरून कळायचं. कधी कॉफी, कधी रबरी चपला, कधी खेळणी. बंदरावरचा तपासनीस दाराची रबरपट्टी दाबून बघायचा आणि मान डोलवायचा. एवढंच माझं कौतुक, पण मला ते पुरायचं.

एका हिवाळ्यात मी या जिल्ह्यात पहिल्यांदा आलो. तेव्हा शहराला औरंगाबाद म्हणत. माझ्या पोटात ब्लँकेटं होती, मऊ, गुबगुबीत, मोठाल्या गुलाबांची. गोदामाशी दार उघडलं, तेव्हा एका हमालाने एक ब्लँकेट गालाला लावलं आणि डोळे मिटून म्हणाला, "काय नरम हाय रे, मख्खन." मी सुखावलो. परतताना वाळूजच्या कारखान्यातले यंत्रांचे सुटे भाग घेऊन गेलो. नंतर अशा आणखी तीन-चार फेऱ्या झाल्या, प्रत्येक वेळी ब्लँकेटं आणली. मला वाटायचं, मी लांबच्या लोकांना ऊब पोहोचवतो आहे.

मग एके दिवशी क्रेनवरून निसटून मी आपटलो. कोपरा दबला, दार नीट मिटेना. तपासनिसाने रबरपट्टी दाबली आणि या वेळी खडूने फुली मारली. शहराबाहेरच्या एका आवारात मला टाकून दिलं. तिथून दौलताबादचा किल्ला दिसायचा. तीन पावसाळे मी त्याच्याकडे बघत गंजत राहिलो. पाऊस आला की समुद्र मला न्यायला आला आहे असं वाटायचं.

समुद्र काही आला नाही. सत्यभामा आली.

सत्यभामा ही मुंजाबांची लेक. लग्नानंतर पाच वर्षांनी माहेरी परतली होती आणि शेंद्र्याच्या एका कंपनीत ठेक्यावर कामाला होती. तिथे बनणारा माल परदेशी जायचा. तिकडची मागणी घटली आणि ठेक्यावरच्या सगळ्या बायकांना सांगण्यात आलं, सोमवारपासून येऊ नका. हाती आलेल्या शेवटच्या पगारातून तिने मला भंगाराच्या भावात घेतलं.

मी पाचोडला उतरलो, तेव्हा तिची आई सारजाबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "हे काय आणलंस गं?"

"लोकर ठेवायला, माय. पडवीत भिजती, किडं लागत्यात. यात नाय भिजायची. टिकली तर घेईल कुणीतरी."

मुंजाबांनी माझ्या अंगावर बोटांनी टकटक केली. "लोकरीला घर घेतलंस. पर लोकर घेतंय कोण आता? कातरली की ओढ्यात टाकून द्यावी लागती."

लेकीने पहिलं पोतं आत आणून ठेवलं. मी असा वास कधी घेतला नव्हता. त्यात गवत होतं, धूळ होती, मेंढीचं ऊबदार अंग होतं. काळ्या लोकरीचे ढीग चढत गेले आणि मला वाटलं, माझ्या पोटातच पावसाळी समुद्र शिरला आहे. कित्येक दिवस मी तसाच गुंगीत होतो.

एका दुपारी सारजाबाई माझ्या सावलीत सूत कातत बसली होती. सत्यभामा लोकर पिंजत होती. सारजाबाई म्हणाली, "आधी लेकीच्या लग्नात घोंगडी देत व्हते. तुझ्या आबानं विणलेली घोंगडी न्यायला लोकं पार पैठणहून यायचे. मग ती फुलाफुलाची ब्लँकेटं आली. मोठाले गुलाब असायचे त्यावर. हलकी, मऊ, धुवाया सोपी. लोकांचं तरी काय चुकलं? पर पाय सोडून विणायच्या मागाच्या खड्ड्यात कोळ्यानं जाळी केली. आबानं दोन वर्षं वाट बघितली, अन् मग खड्डा बुजवला."

मित्रांनो, ती गुलाबाची ब्लँकेटं मीच आणली होती. ज्या दारातून ती बाहेर पडली, त्याच दाराला टेकून ती माउली बसली होती, आणि मला काही बोलता येत नव्हतं. माझ्यासारखे आणखी कितीतरी कंटेनर आले असतील, हे मला कळत होतं. तरीही त्या दिवशी समुद्राचं स्वप्न पडलं नाही.

पुढे उन्हाळ्यात शहरातून तनुजा लोकरीचं ऐकून आली. ती परदेशात माल पाठवणाऱ्या एका छोट्या संस्थेत काम करायची. तिने माझ्यात शिरून लोकर हातात घेतली आणि म्हणाली, "तिकडे याला मागणी आहे. शंभर घोंगड्या हव्यात. फक्त रंग सगळा एकसारखा काळा पाहिजे, पांढरा केस नको."

"मेंढी हाय ती," मुंजाबा म्हणाले. "काळ्यात पांढरं येणारच. वेचून काढायचं म्हणजे जल्म जाईल."

"आपण वेचू, आबा," सत्यभामा म्हणाली. "मी बसते रोज."

मुंजाबा उठले आणि बुजवलेला खड्डा उकरू लागले. वस्तीवरच्या बायका सूत कातायला आल्या. चिंचोक्याची खळ शिजली, ताठ व्हावं म्हणून सुताला लागली. मागाचा ठोका सकाळपासून ऐकू येऊ लागला. तो ठोका बोटीच्या इंजिनासारखा होता, संथ आणि न थांबणारा. सत्यभामा एकेक पांढरा केस काढत माझ्या उंबऱ्यावर बसायची. तिचे डोळे लाल व्हायचे. एकावर एक घोंगड्या माझ्यात रचल्या जाऊ लागल्या, आणि मला पुन्हा वाटू लागलं, मी बंदरात उभा आहे आणि लवकरच निघणार आहे.

साठ घोंगड्या झाल्या, तेव्हा तनुजाचा फोन आला. सत्यभामा माझ्या दारात उभी राहून ऐकत होती.

"ऑर्डर थांबवली आहे त्यांनी," तनुजा सांगत होती. "तिकडची दुकानं नवा माल घेत नाहीत. मलाही आजच कळलं. मला माफ कर."

सत्यभामा तिथेच खाली बसली. मागाचा ठोका थांबला. मुंजाबा हात पुसत आले, तिचा चेहरा बघितला आणि शेजारी बसले.

"माझ्यामुळं झालं, आबा. तुम्ही नको म्हणत व्हते."

"मी केस वेचायला नको म्हणलो व्हतो, विणायला नाय," मुंजाबा म्हणाले. "किती वर्सांनी हात चालले माझे. ते काय वाया गेलं व्हय?"

पुढच्या आठवडी बाजारात सत्यभामाने दहा घोंगड्या नेल्या. संध्याकाळी दहाच्या दहा परत आल्या. लोक हात लावायचे, "टोचती," म्हणायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्या बाजारालाही तसंच. तिसऱ्या बाजाराला ती निघाली, तेव्हा सारजाबाई म्हणाली, "मी बी येते."

परत आल्यावर दोघी माझ्यात घोंगड्या ठेवताना बोलत होत्या, म्हणून मला कळलं. मेंढरं घेऊन लांब चाललेला एक म्हातारा थांबला होता. त्याने घोंगडी चिमटीत धरून पाहिली, दुमडून डोक्यावर खोळ घेतली आणि विचारलं, "कुणाच्या हातची?"

"आमच्या मालकाच्या," सारजाबाई म्हणाली होती.

"अशी मिळत नाय आता. ब्लँकेट पावसात गळून जातंय. ही पानी पेलती." त्याने दोन घेतल्या. पुढच्या बाजाराला त्याच्या तांड्यातले आणखी पाच जण आले. मग मोसंबीच्या बागेची राखण करणारे आले. हिवाळा संपेपर्यंत साठातल्या एकोणीस उरल्या.

सगळं सुरळीत झालं असं मी म्हणणार नाही. कापसाच्या हंगामात सत्यभामा अजूनही जिनिंगवर कामाला जाते. पण मागाचा खड्डा पुन्हा बुजला नाही. तनुजाचा वर्षभराने परत फोन आला, तेव्हा सत्यभामा शांतपणे म्हणाली, "देऊ, ताई. पण आधी बाजाराचं विणू. त्यातून उरलं तर तुमचं. अन् निम्मे पैसे सूत कातायच्या आधी पाहिजेत."

तनुजाने "बरं" म्हटलं.

आता वस्तीवरच्या बायका माझ्या आत बसून सूत कातू लागल्या. आत अंधार असायचा आणि जीव उकडायचा. म्हणून सत्यभामाने पाचोडहून एक वेल्डर बोलावला. त्याने माझ्या कुशीत खडूने चौकोन आखला. खडू पाहून मी घाबरलो. मग ठिणग्या उडाल्या, पत्रा चरचरला, आणि तो चौकोन गळून पडला. वारा, धूळ आणि ऊन आत येऊ नये म्हणून ज्याला घडवलं होतं, त्याच्या पोटात ऊन येऊन बसलं. बायका जरा सरकल्या, उजेडात सूत धरलं. सारजाबाई म्हणाली, "आता कसं दिसतंय."

मित्रांनो, दुरून आलेली वस्तू वाईट नसते. मी स्वतः दुरून आलो आहे. पण ती आवडीने घरात घेताना, तीच वस्तू आपल्या गावात कोण करत होतं आणि ते हात आता काय करतात, एवढं एकदा जाऊन विचारा. त्या हातांची काळजी घ्या. हात थांबले की सगळंच विसरतात.

काल खिडकीतून मला रस्ता दिसत होता. मुंजाबांची मेंढरं तो ओलांडत होती आणि त्यांच्यासाठी एक लांब ट्रेलर थांबला होता. त्यावर एक नवाकोरा कंटेनर होता, अंगावर एक ओरखडा नाही. तो अर्धवट झोपेत, अजून समुद्रातच असावा. तू पोटात काय नेतो आहेस, असं मला त्याला विचारायचं होतं. मेंढरं गेली, ट्रेलर निघाला. पत्र्याचं पत्र्याला ऐकू जात नाही, म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगितलं.